दुपट्ट्याखालचे घास

"तू काय काय नाही खात वं?"

नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलेला हा पहिला प्रश्न होता, आणि शेवटचाही. मी आहारशास्त्राची पदवी, गुणपत्रिका आणि दोन शिफारसपत्रं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट लावून नेली होती. फोल्डर काकांनी उघडलं नाही. "झाकण पाहून पेटी घेत नसते," असं पुटपुटत त्यांनी ते बाजूला सारलं आणि माझ्याकडे बघत राहिले.

"सगळं खाते," मी म्हणाले.

हे खोटं होतं. वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत मी वरण-भात, पोळी, दही आणि बटाटा एवढ्यावर जगत आले होते. पालेभाज्यांमधल्या लोहावर मी कॉलेजात सगळ्या वर्गासमोर प्रेझेंटेशन दिलं होतं, पण पालक कधी तोंडात घातला नव्हता. ताटातली भाजी अशी पसरवायची की अर्धी खाल्ल्यासारखी दिसावी, ही कला मला लहानपणापासून येत होती. आपण कमी बोललो की लोक आपल्या ताटाकडेही फार बघत नाहीत, हा त्यातला मोठा फायदा.

त्यांनी मान डोलावली आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक दिली, "अवं, पोट्टी पाह्यली मी. खोटं बोलते, पण हळू बोलते. ठेवून घे."

पाळणाघर काकूंचं होतं. प्रतापनगरातल्या त्यांच्या घराचा खालचा मजला, अडीच ते पाच वर्षांची चौदा मुलं, भिंतीवर फुलपाखरं. हल्ली आईबाप पाळणाघरात 'आहारतज्ज्ञ' आहे का असं विचारतात, म्हणून काकूंनी एक ठेवायचं ठरवलं होतं. काकांचा पाळणाघराशी कागदोपत्री काहीच संबंध नव्हता. त्यांनी चाळीस वर्षं फळं-भाज्यांच्या ठोक बाजारात हर्रास बोलण्याचं काम केलं होतं. हर्रास म्हणजे लिलाव. पहाटे संत्र्यांचे ढीग लागायचे, भोवती व्यापारी गोळा व्हायचे आणि काका मधोमध उभे राहून बोली चढवायचे. ते निवृत्त झाले, पण त्यांचा आवाज झाला नाही. काकू सांगायच्या की पहिले सहा महिने ते घरात चहासुद्धा एक वार, दोन वार करत मागायचे. मग एका दुपारी खाली कुणीतरी दोडक्यावरून भोकाड पसरलं, आणि काका खांद्यावर दुपट्टा टाकून जिना उतरले.

तेव्हापासून त्या पाळणाघरात जेवण वाढलं जात नव्हतं. ते बोलीवर जात होतं.

माझ्या पहिल्या दिवशी बरोबर बारा वाजता जमिनीवर तरट अंथरलं गेलं. काकूंनी स्वयंपाकघरातून स्टीलच्या वाट्या आणून ओळीनं मांडल्या. मुलं गोल करून बसली. इतकी गप्प चौदा मुलं मी त्याआधी पाहिली नव्हती. काका स्टुलावर बसले, एक वाटी उचलून त्यांनी तिचा वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"हा मुळा," ते म्हणाले. "मले विचाराल तं याच्यात काही दम नाही. तिखट आहे. वास मारते थो वेगळाच. घ्याचा असन तं आपापल्या जबाबदारीवर घ्या."

"दोन घास," अर्णव म्हणाला. तो साडेतीन वर्षांचा होता.

"अर्णवशेठ दोन घास. दोन घास, एक वार. काय वं विहा, तुह्या खानदानात मुळा पाह्यला नाही का कोणी?"

"तीन," विहा म्हणाली.

"तीन घास, एक वार. तीन घास, दोन वार..."

"पाच," अर्णव म्हणाला आणि विहाकडे असं पाहिलं की तिनं मान खाली घातली.

"पाच घास, तीन वार. उचला शेठ."

अर्णवनं पाच घास मुळ्याची भाजी खाल्ली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि चेहऱ्यावर मालकी होती. मी दारात उभी होते. माझ्या हातात मी रात्री जागून रंगवलेला तक्ता होता. त्यावर गाजराला डोळे आणि हसरं तोंड होतं आणि खाली लिहिलं होतं, 'मी तुमच्या डोळ्यांचा मित्र.' काकांनी जेवणानंतर तो बराच वेळ पाहिला.

"हे गाजर काहून हासून राहिलं?" त्यांनी विचारलं.

"मुलांना आवडावं म्हणून."

"काय लपवून राहिलं थे?" असं म्हणून त्यांनी तक्ता उलटा करून भिंतीला टेकवला. तो पुढे दीड वर्ष, मी तिथे होते तोपर्यंत, तसाच होता.

मालाची स्तुती करायची नाही, हा त्यांचा पहिला नियम. विकणारा स्वतःच्या तोंडानं माल चांगला म्हणाला की घेणाऱ्यानं खालची रास तपासावी, असं ते सांगत. चमच्याचं विमान करून लेकरांना भरवणाऱ्या आयांची त्यांना मनापासून कीव यायची. "भाजीले विमानात काहून बसवता?" ते एकीला म्हणाले. "पायानं नाही येऊ शकत का थे?" दुसरा नियम, बोली दिली की माल उचलायचा. जो उचलणार नाही त्याला दुसऱ्या दिवशी बोलीतून बाद. त्याला काकूंच्या हातचं साधं वरण-भात मिळायचं, उपाशी कुणी राहायचं नाही, पण तरटाबाहेर बसून दुसऱ्यांना कारलं खाताना बघावं लागायचं. कारल्यासाठी हुंदके देऊन रडणारी चार वर्षांची मुलगी मी तिथे पाहिली. काका तिला समजावत होते, "उद्या, उद्या. उद्याही कारलंच आहे."

तिसरा नियम जोडमाल. संतुलित आहारावर माझा शंभर गुणांचा पेपर होता. काकांचा हा एक शब्द होता. बाजारात चांगला माल एकटा सोडायचा नाही, त्याच्याबरोबर न खपणारा माल बांधायचा, तो जोडमाल. म्हणून त्यांच्या हर्रासात बटाटा कधी एकटा निघायचा नाही. बटाट्याबरोबर पालक, पापडाबरोबर मुगाची उसळ, शिऱ्याबरोबर काकडीची कोशिंबीर. "बटाट्याले एकट्याले पाठवाचं नाही," ते म्हणायचे. "एकटा गेला का माजते."

याचे परिणाम पाळणाघराच्या बाहेरही दिसायचे. एका लग्नात विहानं जेवणाच्या टेबलासमोर उभं राहून मोठ्यानं जाहीर केलं की पनीर जाड आहे, वास मारते, कोण किती घास घेतं ते सांगा. तिच्या मागे नवरदेवाचे मामा उभे होते. ते चार म्हणाले. अर्णवचे वडील तक्रार घेऊन आले, की हा घरी बोली लागल्याशिवाय जेवत नाही आणि आम्हाला बोली लावता येत नाही. काकांनी त्यांना तरटावर बसवलं, त्यांच्या खांद्यावर दुपट्टा टाकला आणि पाऊण तास शिकवलं. ते वकील होते. त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही, कारण ते प्रत्येक भाजीची बाजू मांडायला लागायचे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना नोव्हेंबरात स्वरा आली.

स्वरा चार वर्षांची होती आणि फक्त पांढरं खायची. भात, दूध, इडली, मुरमुरे. वरण नाही, कारण ते पिवळं. डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून औषध दिलं, ते काळं निघालं. तिनं ते भिंतीवर थुंकलं. ती बोलायचीही जवळजवळ नाही. हर्रासाच्या वेळी ती तरटाच्या कडेला हात मागे बांधून बसायची आणि सगळ्यांकडे बघायची. काका रोज तिला विचारायचे, "स्वराशेठ, काही?" आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायचे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिची आई संध्याकाळी न्यायला आली ती दारातच बसून राहिली. ती एका कंपनीत कामाला होती, दिवसभर कानाला हेडफोन लावून बोलायचं काम. मी बाजूला ताटं पुसत होते.

"महिन्याच्या शेवटी सासूबाई येणार आहेत नरखेडहून," ती काकूंना म्हणाली. "तोवर हिनं खाल्लं नाही तर मी राजीनामा द्यायचा असं घरी ठरलंय. आई घरी नसते म्हणून पोरगी खात नाही, असं आहे त्यांचं."

"कोणी ठरवलं?" काकूंनी विचारलं.

"सगळ्यांनी."

"सगळ्यांत तू होती का?"

स्वराची आई खाली वाकली. ती स्वराच्या सँडलचा पट्टा लावत राहिली. तो आधीच लावलेला होता.

मला वाटलं, इथे माझं शिक्षण कामाला येईल. इंटरनेटवर अशा मुलांसाठी शेकडो पाककृती असतात आणि सगळ्यांचं सार एकच: लपवा. मी दुसऱ्या दिवशी फूलकोबी आणि भिजवलेली मुगाची डाळ मिक्सरमधून गंधासारखी बारीक काढली आणि इडलीच्या पिठात मिसळली. पांढऱ्यात पांढरं. इडल्या मला स्वतःला ओळखू आल्या नाहीत. स्वरानं पहिला तुकडा तोंडात घातला, दोनदा चावला, थांबली. मग तोंड उघडून तो तुकडा तळहातावर घेतला, त्याच्याकडे पाहिलं आणि नंतर माझ्याकडे. रडली नाही. तुकडा माझ्या हातात ठेवला.

त्या दिवसापासून तिनं इडली सोडली. आता भात, दूध आणि मुरमुरे उरले.

मी कुणाला काही सांगितलं नाही. संध्याकाळी तिची आई म्हणाली, "काय झालं कळत नाही, आता इडलीही नको म्हणते," तेव्हा मी सँडलच्या पट्ट्याकडे बघत होते.

काकांना तिसऱ्या दिवशी कळलं. त्यांचं नाक बाजाराचं होतं. त्यांनी मिक्सरचं भांडं उचललं, वास घेतला आणि माझ्याकडे वळले. इतर माणसं चिडली की आवाज चढवतात. काकांचा आवाज नेहमीच चढलेला असल्यामुळे ते चिडले की कुजबुजायचे.

"याच्यात फूलकोबी फिरवली कोणी?"

"मी."

"तळाले टाकली?"

मला आधी कळलं नाही, मग कळलं. मी मान हलवली.

ते खाली बसले. कुजबुजतच त्यांनी मला एका बागवाल्याची गोष्ट सांगितली. त्यानं पेटीत वर चकचकीत संत्री लावली आणि तळाला गळून पडलेली. काकांनी भर हर्रासात ती पेटी उपडी केली आणि नंतर तीन वर्षं त्याच्या मालाची बोली पुकारली नाही. "सडका माल विकला जाते," ते म्हणाले. "सडका आहे म्हणून सांगा, घेणारा घेते. पण तळाले लपवला, का थो माणूस पुन्हा तुह्या ढिगाकडे येत नाही. चांगला असन तरी येत नाही. फूलकोबी चांगली होती ना?"

"हो."

"मंग लपवली काहून? आता उपडी कर."

दुसऱ्या दिवशी मी स्वरासमोर तरटावर बसले. तांदूळ, उडीद डाळ, त्यांचं आंबवलेलं पीठ, मुगाची डाळ, फूलकोबीचे तुरे, सगळं वेगवेगळ्या वाट्यांत मांडलं. मिक्सरचं भांडं तिच्यासमोर पालथं केलं.

"त्या दिवशीच्या इडलीत हे होतं," मी म्हणाले. "मी तुला सांगितलं नव्हतं. सांगायला पाहिजे होतं. आज यात काय घालते ते तू बघ."

त्या घरात मी एका दमात बोललेली ही सगळ्यात मोठी गोष्ट होती. बाकीची सगळी मुलं ऐकत होती. माझे कान गरम झाले होते. स्वरानं इडली होईपर्यंत सगळं पाहिलं, प्रत्येक वाटीत बोट घालून पाहिलं, आणि इडली तिच्यासमोर आल्यावर हात मागे बांधले.

काकांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि आम्हा दोघींच्या मध्ये पसरला.

"काही व्यापारी तोंडानं बोलते," ते म्हणाले. "काही मुके असते. त्यायच्यासाठी हे. माहा बाप बैलबाजारात असाच सौदा करे. दुपट्ट्याखाली हात घालाचे. जेवढी बोटं दाबली तेवढा भाव. वरून कोणाले दिसत नाही, कोणी हासत नाही. घाला हात."

मी हात घातला. थोड्या वेळानं एक लहान, थंड हात आला. त्यानं माझी पाचही बोटं एकत्र धरून दाबली. सोडली. पुन्हा पाच दाबली. दहा. मला आनंद झाला. दहा घास म्हणजे तीन इडल्या. तेवढ्यात स्वरानं दुसरा हात बाहेर काढला आणि माझ्या ताटाकडे बोट केलं.

माझ्या ताटात, पोळीच्या खाली, वांग्याची भाजी होती. रोज असायची. रोज मी ती तिथे सरकवायची आणि नंतर बादलीत टाकायची. कडेला बसून सगळ्यांकडे बघणारी ही मुलगी महिनाभर काय बघत होती ते मला तेव्हा समजलं. मग तिनं दुपट्ट्याखाली आपलं एक बोट माझ्या मुठीत दिलं. मी दहा घास वांगं, ती एक घास इडली.

मी तिची दोन बोटं धरायचा प्रयत्न केला. तिनं एक काढून घेतलं.

"सौदा?" काकांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना काही सांगावं लागलं नाही. "मले पह्यल्याच दिवशी ठाऊक होतं," ते म्हणाले. "खाणारा माणूस नावं घेते. कारलं खातो म्हणते, शेपू खातो म्हणते. 'सगळं खातो' म्हणणारा काहीच नाही खात."

मी वांगं खाल्लं. त्याबद्दल मला एवढंच सांगता येईल की वांगं तोंडात घालणं आणि लोकांसमोर बोलणं यांत फारसा फरक नाही. दोन्हींत सुरुवातीचा क्षण फार वाईट असतो आणि नंतर ते आपोआप खाली जातं. दहावा घास गिळल्यावर मी तोंड उघडून दाखवलं, कारण स्वरा वाट बघत होती. मग तिनं इडलीचा एक घास घेतला, चावला आणि गिळला. विहानं टाळ्या वाजवल्या. काकांनी तिला दटावलं. दुसऱ्याच्या सौद्यावर टाळ्या वाजवायच्या नसतात.

पुढचे तीन आठवडे आमचा रोज असा व्यवहार झाला. एका जेवणात कधी दोन सौदे, कधी तीन. दहाला एक, हा दर स्वरानं एका घासानंही उतरवला नाही. तिनं इडली परत घेतली, मग एक दिवस वरण, मग गाजराची एक चकती. मी त्याच काळात वांगं, दोडका, मेथी, चवळीच्या शेंगा आणि मुळा खाल्ला. महिन्याच्या शेवटी काकूंनी सगळ्यांची वजनं घेतली. स्वरा दोनशे ग्रॅमनं वाढली होती. मी दोन किलोनं.

पण दुपट्ट्याशिवाय ती काही खात नव्हती, आणि पालक अजून दुपट्ट्याखालीही निघत नव्हता. घरी तर भात आणि दूधच चालू होतं. तिच्या आईनं पाळणाघरातली गोष्ट घरी सांगितली तेव्हा सासूबाई फोनवर म्हणाल्या, "मी पाहीन तवा खरं."

त्या आल्या त्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी. उंच, वाळक्या अंगाच्या, हातात निळ्या दोरीनं बांधलेली, बागेतल्या संत्र्यांची थैली. स्वराच्या आईनं अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. ती दाराशी उभी राहिली, खांद्याची पर्स दोन्ही हातांनी धरून. पर्सच्या चेनमधून घडी केलेल्या पांढऱ्या कागदाचं टोक दिसत होतं. राजीनामा टाइप करूनच आणलाय, असं तिनं काकूंना आल्या आल्या सांगितलं होतं.

आजी खुर्ची ओढून तरटाच्या अगदी समोर बसल्या. "दाखवा," त्या म्हणाल्या. "काय खाते थे माही नात."

मी दुपट्टा पसरला आणि हात घातला. स्वरानं हात मागे बांधले. मी वाट बघितली. तिनं आजीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि ओठ आत ओढून घेतले. मी माझ्या ताटातली भाजी पोळीखालून उघड्यावर आणली. काही झालं नाही.

"हं," आजी म्हणाल्या. सुनेकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

काका त्यांच्या थैलीकडे बघत होते. त्यांनी एक संत्रं काढलं, हातावर तोललं. "नरखेडची बाग. बांधावर दोन चिंचा आहे, तेच काय तुम्ही?"

"हाय की. तुमाले कसं ठाव?"

"तुमच्या पेटीले निळी दोरी असे. तुमचा माल मीच बोललो बाजारात. लय वर्स."

आजी जरा सरळ बसल्या. "बोलले असान. आमी बाया कवा बाजारात गेलो? तोडा करून, पेट्या भरून गाडीत ठेवल्या का झालं. माल कसा गेला थे घरचे सांगन थेच खरं."

"मंग आज पाहा," काका म्हणाले. त्यांनी दुपट्टा उचलून खांद्यावर टाकला, संत्रं एका वाटीत ठेवलं, शेजारी पालकाची वाटी सरकवली आणि स्टुलावर बसले. "चला शेठ लोक. जोडमाल आहे. पालक आहे, आता पालकाचं काय सांगाचं, गवत. आणि हे संत्रं. साल जाड आहे. आंबट असन बहुतेक."

"आंबट?" आजी म्हणाल्या. "कोन म्हन्ते आंबट?"

"मी म्हणतो. गोड आहे का?"

"साकर हाय."

"खाऊन सांगता का?"

आजींनी थैलीचं तोंड आवळलं. अर्णवनं "तीन घास" म्हटलं तरी काकांची नजर आजींवरच होती. शेवटी दाराजवळून स्वराची आई हळूच म्हणाली, "आई संत्रं खात नाहीत."

"कधीपासून?"

"लग्न झालं तवापासून," आजी स्वतःच म्हणाल्या. चेहरा कडक होता. "घरात संत्रं, आंगनात संत्रं, हाताले वास, लुगड्याले वास. मळमळते मले. चाळीस वर्स झाले, जिभेले नाही लावलं. आता माह्या खान्याचं काय काढून राह्यले तुमी? मी काय लेकरू हाय?"

स्वरा हे ऐकत होती. ती उठली. तरट ओलांडून काकांजवळ गेली, त्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढून घेतला, ओढत ओढत आजीपर्यंत आणला आणि त्यांच्या मांडीवर पसरला. मग त्याच्याखाली हात घातला.

आजींनी माझ्याकडे पाहिलं. मी काही समजावणार तेवढ्यात लक्षात आलं की त्याची गरज नाही. बैलबाजार त्यांच्याही गावाला भरत असणार. त्यांनी दुसरा कुठलाही प्रश्न न विचारता हात आत घातला.

आम्हाला फक्त त्यांचा चेहरा दिसत होता. आधी भुवया वर गेल्या. मग त्या पुढे वाकल्या आणि दुपट्ट्याखाली काहीतरी हललं. स्वरानं मान डावीकडून उजवीकडे हलवली. पुन्हा हललं. पुन्हा मान. हे बरंच चाललं. सगळी मुलं गुडघ्यांवर उभी राहून बघत होती, कारण एवढा लांबलेला सौदा त्यांनीही पाहिला नव्हता.

"लय महाग हाय वं पोट्टे," आजी म्हणाल्या.

"सौदा का नाही?" काकांनी विचारलं. ते कुजबुजत होते, आणि मी त्यांना चिडल्याशिवाय कुजबुजताना पहिल्यांदाच ऐकत होते.

आजींनी दम घेतला. "सौदा."

स्वरानं पालकाची वाटी ओढली. बोटांनी एक घास उचलला, त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि तोंडात घातला. तिनं तो फार वेळ चावला. मग गळा हलला, आणि स्वरानं आजीकडे तोंड करून ते पूर्ण उघडलं. आत काही नव्हतं.

मग आम्ही सगळे आजींकडे बघायला लागलो.

त्यांनी संत्रं असं सोललं की साल एका तुकड्यात उतरली. तेवढं हाताला येत होतं. एक फोड काढली, नाक आवळलं, डोळे मिटले आणि तोंडात टाकली. चावताना कपाळावर आठ्या होत्या. मग एक आठी गेली. त्यांनी डोळे उघडले तेव्हा स्वरा नऊ बोटं वर करून उभी होती.

नऊ फोडी त्यांना लागोपाठ खाव्या लागल्या. पाचवीनंतर त्यांनी डोळे मिटणं सोडलं होतं. नंतर स्वरानं न सांगता पालकाचा आणखी एक घास घेतला आणि दुपट्टा पुन्हा त्यांच्या मांडीवर टाकला. आजींनी तो घाईघाईनं घडी करून काकांकडे दिला.

"आयक," त्या सुनेला म्हणाल्या. "तू जा आपल्या कामाले. पोट्टीले अठीच येऊ दे. घरी ठेवली तं हे दिवसातून तीन वख्त मलेच खा लागन."

स्वराच्या आईनं पर्स उघडली, पाण्याची बाटली काढली आणि उभ्या उभ्या संपवली. राजीनाम्याचा कागद तिनं तिथेच टेबलावर ठेवला. काकूंनी नंतर त्यावर मेथी निवडली.

निघताना दारात काकांनी आजींना विचारलं, "कसं होतं?"

आजींनी मागे-पुढे पाहिलं, जवळ कुणी नाही याची खात्री केली. मी होते, पण माझ्याकडे लोक बघत नाहीत. "गोड होतं," त्या म्हणाल्या. "लयच गोड होतं."

"मले ठाऊक आहे," काका म्हणाले. "तुमच्यासारखा माल त्या बाजारात दुसरा येत नव्हता. पण बोलणाऱ्यानं थे सांगाचं नसते."

आजींनी थैलीतली उरलेली संत्री मोजून न बघता काकूंच्या हातात दिली, एक परत घेतलं आणि पदरात धरलं.

मी ताटं उचलायला आत वळले. माझ्या ताटातली वांग्याची भाजी उघड्यावर तशीच पडली होती, आणि तिच्याजवळ दुपट्टा घेऊन स्वरा उभी होती. आई बाहेरून हाका मारत होती. तिनं लक्ष दिलं नाही. आमचा त्या दिवशीचा व्यवहार राहिला होता. मी खाली बसले, हात दुपट्ट्याखाली घातला आणि दहा बोटांची वाट बघितली.

तिनं पाचच दाबली.